बेडशाचा आडपडदा

मार्गशीर्षातील एका रविवारी आम्ही पाचसात स्नेही कामशेतावरून पवन मावळात उतरून बेडशाची लेणी पाहण्यास गेलो होतो. कार्ले व भाजे यांची नावे शाळेतील मुलांसही पाठ असतात. बेडशास वाकडी वाट करून जाणारा विरळा. डोंगराच्या पायथ्याशी लहानसे गाव, मग चारशेच्या घरात पायऱ्या, आणि त्या चढून धापा टाकीत वर पोहोचावे तो समोर काय, तर काळा, ओबडधोबड, न तासलेला खडक! एवढ्यासाठी का आलो, असे नवख्यास वाटावे. पण त्या खडकातून एक अरुंद बोळ आत गेला आहे. त्यात शिरून चार पावले टाकली की मान वर करावी लागते. पंचवीस फूट उंचीचे खांब एकाएकी अंगावर येतात, आणि त्यांच्या माथ्यावर प्राण्यांवर आरूढ झालेली स्त्रीपुरुषांची युगुले दोन हजार वर्षे निवांत बसलेली दिसतात. पाथरवटांनी दर्शनी भागासमोरचा खडक पुरता फोडून टाकला नाही. बराचसा तसाच ठेविला. श्रम वाचविण्यासाठी ठेविला असेल, वाऱ्यापावसास आडोसा म्हणून ठेविला असेल. परिणाम मात्र असा झाला आहे की, कार्ल्याचे वैभव दुरूनच हाक मारते आणि बेडशाचे वैभव आपणांस आत यावयास लावून मग दर्शन देते.

तेथे त्या पूर्वाभिमुख ओसरीवर कोवळ्या उन्हात बसलो असता आमच्यातील एका तरुणाच्या मोबाईलवर ‘गोरे गोरे’ हे जुने गाणे लागले. सर्वांच्या माना डोलू लागल्या. चित्रपट कोणता, असे आम्ही विचारले. कोणास सांगता येईना. अखेर शोधून कोणी तरी ‘समाधी’ असे नाव काढले आणि हेरकथेचा चित्रपट आहे असे वाचून दाखविले. त्यावर तो तरुण हसून म्हणाला, “म्हणजे त्या काळी हेरसुद्धा नाचत आणि गात! खरे हेरपट आता कोठे निघू लागले.”

त्या वेळी आम्ही वाद घातला नाही. चढण चढून आलेल्या माणसाने आधी पाणी प्यावे, हे बरे. पण ते वाक्य त्या एकट्या तरुणाचे नाही. ते आज घरोघर आणि वर्तमानपत्रांच्या स्तंभांतूनही ऐकू येते. जुना हेरपट भाबडा, नवा हेरपट वास्तव; जुन्यात गाणी, नव्यात बंदुका; म्हणून नवा थोर. ही उचलली जीभ लावली टाळ्याला अशा जातीची समीक्षा आहे, आणि तिने केवळ एका चित्रपटाचा नव्हे, तर ज्या माणसांनी नाव न लावता देशाची कामे केली त्यांच्या स्मृतीचाही विपर्यास होतो, असे आमचे म्हणणे आहे.

प्रथम त्या चित्रपटाविषयी. ‘समाधी’ हा रमेश सैगल यांनी दिग्दर्शित केलेला हिंदी चित्रपट १९५० साली प्रदर्शित झाला आणि त्या वर्षीच्या हिंदी चित्रपटांत सर्वाधिक उत्पन्न त्यानेच मिळविले. तो मुंबईच्या फिल्मिस्तान संस्थेचा. बाँबे टॉकीज सोडून बाहेर पडलेल्या शशधर मुखर्जी, रायबहादूर चुनीलाल, ज्ञान मुखर्जी, अशोककुमार आदी मंडळींनी १९४३ मध्ये गोरेगावास ही संस्था उभारली होती. नायक अशोककुमार, नायिका नलिनी जयवंत, तिची बहीण म्हणून कुलदीप कौर, नायकाचा भाऊ म्हणून श्याम. संगीत आमच्या पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांचे, म्हणजेच सी. रामचंद्र यांचे. नलिनी जयवंत या मुंबईच्या मराठी घरातल्या, शोभना समर्थ यांच्या आते-मामे नात्यातल्या. हा चित्रपट हिंदी भाषेतला असला तरी मराठी माणसास परका नाही, एवढे यावरून ध्यानी यावे.

कथा आझाद हिंद सेनेची आहे. सुभाषबाबूंच्या शब्दाने भारून जाऊन शेखर नावाचा तरुण सेनेत शिरतो. त्याचा सख्खा भाऊ इंग्रजांच्या फौजेत अधिकारी आहे. आणि लिली व डॉली डिसूझा या ज्या दोन बहिणी क्लबात नाचगाणे करितात, त्या इंग्रजांच्या हेर आहेत. लिलीचे मन शेखरवर जडते, आणि ज्याच्यावर मन जडले त्याच्याच सेनेची खबर काढण्याचे काम तिच्याकडे आहे. येथे थांबून वाचकांनी क्षणभर विचार करावा. देश स्वतंत्र होऊन तीन वर्षे झाली आहेत. नेताजींचे नाव उच्चारताच थिएटरात टाळ्या पडत आहेत. अशा वेळी ज्या स्त्रीवर प्रेक्षकांनी जीव लावावा अशी नायिका चित्रपटकाराने कोण निवडली? शत्रूची पगारी हेर! आजच्या ‘वास्तव’ हेरपटकारांपैकी कितीजणांच्या छातीत एवढे बळ आहे, हे त्यांनीच आपल्याशी ताडून पाहावे.

आणि हे सैगल यांच्या हातून सहज घडून गेले असेही नाही. दोनच वर्षांपूर्वी, १९४८ मध्ये, याच फिल्मिस्तानसाठी त्यांनी ‘शहीद’ काढला होता. त्यात मुलगा क्रांतिकारक आणि बाप सरकारी सेवेत; आई झालेल्या लीला चिटणीस या दोहोंच्या मध्ये. ‘शहीद’मध्ये बाप आणि लेक, ‘समाधी’त भाऊ आणि भाऊ. एकाच छपराखाली दोन निष्ठा राहावयास आल्या म्हणजे त्या घराचे काय होते, हा या दिग्दर्शकाचा खरा विषय होता. आमच्याकडे ‘घरभेदी’ हा शब्द शिवीसारखा वापरतात. पण घर भेदले जाताना त्या घरातल्या माणसास काय वाटत असेल, हे विचारावयास आम्हांस सवड झाली नाही. ती सवड एका बाजारी चित्रपटाने काढिली.

त्या काळच्या समीक्षेने या धाडसाची बूज राखली काय? नाही. ‘फिल्मइंडिया’चे संपादक बाबुराव पटेल यांचा तेव्हा दरारा असा होता की, त्यांच्या एका परिच्छेदाने निर्मात्यांची झोप उडावी. पालघरकडचा हा आमचा मराठी माणूस इंग्रजी असा काही फटकारीत असे की ज्यास फटका बसे त्यासही हसू यावे. त्यांच्या मासिकाने ‘समाधी’चा विषय राजकीयदृष्ट्या शिळा ठरविला. लढाई १९४५ मध्ये संपली, सत्तेचाळीस साली राज्य बदलले, आता आझाद हिंद सेनेचे पोवाडे कशास, असा त्या अभिप्रायाचा रोख. बाबुरावांच्या लेखणीविषयी आम्हांस आदर आहे. येथे त्यांचा निवाडा साफ चुकला, असे आम्ही म्हणतो.

शिळे काय होते? १९४५ च्या नोव्हेंबरात लाल किल्ल्यात शाहनवाझ खान, प्रेम सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लन यांच्यावर खटला उभा राहिला तेव्हा सारा देश त्यांच्या पाठीशी होता. पण स्वराज्य आल्यावर आझाद हिंद सेनेच्या सैनिकांस हिंदी सैन्यात परत घेतले गेले नाही. एका भावाची नोकरी आणि बढती शाबूत राहिली; दुसऱ्या भावाच्या गळ्यात हार पडले आणि तो घरी बसला. हा प्रश्न पंजाबात, गढवालात, आणि ज्या ज्या गावचे जवान सिंगापुरास धरले गेले त्या त्या गावी १९५० साली ओलाच होता. जी जखम भरून आलेली नाही तिच्यावर बोट ठेविणाऱ्यास ‘तुझा विषय शिळा’ म्हणणे हा दिल्लीच्या सोयीचा न्याय झाला. तिकिटे काढून जे लक्षावधी लोक आत गेले ते काय केवळ गाण्यासाठी गेले? त्यांच्यातील अनेकांस त्या दोन भावांत आपले घर दिसले असले पाहिजे.

दुसरा आक्षेप असा घेतात की, नेताजींच्या भोवती हिंदी माणसेच इंग्रजांची हेरगिरी करीत होती हे दाखविणे म्हणजे कादंबरीकाराची कल्पना. कल्पना! १९४१ च्या जानेवारीत कलकत्त्याच्या घरातून निसटलेल्या सुभाषबाबूंस पेशावराहून काबुलास ज्या भगतराम तलवारने नेले, सीमेवरील बर्फातून ज्याच्या भरवशावर ते चालले, तो भगतराम पुढे इटली, जर्मनी, रशिया, इंग्लंड आणि जपान अशा पाच सत्तांचा हेर झाला. इंग्रजांच्या दफ्तरात त्याचे टोपणनाव ‘सिल्व्हर’. दिल्लीतून त्याची सूत्रे हलविणारा अधिकारी पीटर फ्लेमिंग. आणि या पीटरचा धाकटा भाऊ इयान, ज्याची जेम्स बाँडची पहिली कादंबरी १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्या बाँडचे आमच्या तरुण मंडळींस एवढे कौतुक, त्याच्या जनकाचा थोरला भाऊ आमच्याच एका माणसाकरवी महायुद्धात बनावट खबरा पेरीत होता. भगतराम कोणाचा होता? नेताजींचा, रशियाचा की इंग्रजांचा? त्याच्यावर पुस्तके निघाली आहेत आणि वाद अजून मिटलेला नाही. लिली डिसूझा त्याच्यापुढे सरळमार्गी म्हणावी लागेल.

आता त्या नाचगाण्याकडे वळू, कारण आमच्या तरुण स्नेह्यांचा सारा उपहास त्यावरच होता. ‘गोरे गोरे’ हे गाणे लता मंगेशकर आणि अमीरबाई कर्नाटकी यांनी गायिले आहे, आणि पडद्यावर ते नलिनी जयवंत व कुलदीप कौर यांच्या तोंडी आहे. त्याची चाल उसनी आहे, हे आम्ही झाकून ठेवीत नाही. १९४५ च्या एका अमेरिकन चित्रपटात कार्मेन मिरांडाने म्हटलेल्या गाण्यावरून ती उचलली आहे. चितळकरांसारख्या संगीतकारास, ज्याने पुढे १९६३ मध्ये ‘ऐ मेरे वतन के लोगो’ची चाल बांधिली त्यास, उसनवारीची गरज होती काय, असा प्रश्न कोणी केला तर आम्ही मुकाट्याने मान खाली घालू. पण त्या गाण्यावर ‘हेर असून गातात’ हा आरोप टिकत नाही. क्लबात गाणे हेच त्या दोघींचे सोंग आहे! सर्वांच्या डोळ्यांसमोर, दिव्यांच्या झगमगाटात, टाळ्यांच्या गजरात त्या लपून आहेत. गाणे जितके उल्हासाचे तितके सोंग पक्के. त्यांनी काळा चष्मा लावून कोपऱ्यात बसावे अशी ज्याची अपेक्षा आहे त्याने हेराचा धंदा समजून घेतलेला नाही. त्याच चित्रपटात ‘कदम कदम बढाये जा’ हे सेनेचे कूचगीतही आहे. एक गाणे उघड्या निष्ठेचे, दुसरे झाकलेल्या निष्ठेचे. ही दोन शेजारी ठेविली म्हणजे ‘त्या काळी गाणी घालीतच असत’ एवढ्यावर बोळवण करणे कठीण जाते.

आणि गाणारा हेर ही काही मुंबईच्या सिनेमावाल्यांनी काढिलेली टूम नव्हे. विशाखदत्ताचे ‘मुद्राराक्षस’ ज्यांनी शाळेत वाचले असेल त्यांस निपुणक आठवेल. हा चाणक्याचा हेर हाती यमपट घेऊन, घरोघर तो दाखवीत आणि गाणी म्हणत हिंडतो, आणि असाच हिंडता हिंडता चंदनदासाच्या घरी त्यास राक्षसाची अंगठी सापडते. बाहेर धावलेल्या मुलास आत ओढताना एका स्त्रीच्या बोटातून निसटलेली ती अंगठी उंबऱ्यापाशी त्याच्या पायाशी येते. तेवढ्या अंगठीवर पुढचे सारे नाटक उभे आहे. तिकडे राक्षसाचा हेर विराधगुप्त गारुड्याच्या वेशात येतो. संपूर्ण नाटकात शृंगार नावाला नाही, स्त्रीपात्र म्हणाल तर चंदनदासाची बायको तेवढी, आणि शेवट लढाईने होत नाही; शत्रूचा थोर अमात्य आपल्या बाजूस येतो, कारण मित्राचे प्राण वाचविणे त्यास आपल्या सूडाहून मोठे वाटते. आमच्या मते जगातील हेरकथांच्या मांडवात या नाटकाचे पाट पहिल्या पंगतीला मांडावे. त्यातही हेरांची चतुराई हा मुख्य विषय नाहीच. राक्षसाची निष्ठा कोठवर ताणता येते हा आहे.

इंग्रजांकडे या प्रकारास आधुनिक घाट दिला तो हिचकॉकने. बकनच्या १९१५ मधील कादंबरीवरून त्याने १९३५ मध्ये ‘द थर्टी-नाइन स्टेप्स’ काढिला. नायक निरपराध; पोलिसही मागे आणि शत्रूचे हेरही मागे; आणि त्याच्यावर काडीचा विश्वास नसलेल्या एका बाईशी त्याचा हात बेडीने जखडलेला. ज्या गुपितासाठी एवढी धावपळ, ते गुपित एका विलक्षण स्मरणशक्तीच्या नाटकगृहातील कलावंताच्या डोक्यात साठविलेले असते; शेवटी तो ते घडाघडा म्हणून दाखवितो आणि प्रेक्षक थिएटरबाहेर पडेपर्यंत विसरूनही जातो. लक्षात काय राहते? ती बेडी. परक्या दोघांस बांधून टाकणारी, आणि विश्वासाखेरीज दुसऱ्या कोणत्याही किल्लीने न उघडणारी. हिचकॉकची बेडी लोखंडाची होती. सैगल यांनी लिलीस घातलेली बेडी डोळ्यांस दिसत नाही, एवढाच फरक. तांत्रिक कौशल्यात या दोघांची तुलना करण्याचा वेडेपणा आम्ही करीत नाही. ‘समाधी’त भडक प्रसंग आहेत, विनोद जागोजाग ओढून आणिला आहे, आणि संवादांस भाषणाची खोड आहे.

हे दोष मोजतानाच आम्हांस पुन्हा बेडशाची आठवण होते. त्या चैत्यगृहात एके काळी भित्तिचित्रे होती. १८६१ च्या सुमारास, गोरे साहेबलोक लेणी पाहण्यास वारंवार येतात म्हणून, स्थानिक अंमलदारांनी उत्साहाने आतून रंगसफेदी करविली. साहेब खूश झाला की नाही ठाऊक नाही, जुन्या चित्रांचे अवशेष मात्र गेले. ‘समाधी’लाही असा रंग फासलेला आहे, तिकीटबारीच्या साहेबास खूश करण्यासाठी. पण रंगामागे खांब उभे आहेत आणि समोरचा खडक जागच्या जागी आहे. आमची तक्रार पुढच्यांविषयी आहे. त्यांनी वारसा म्हणून तो रंग तेवढा उचलला आणि खडक सुरुंग लावून उडविला.

हे कसे घडले ते थोडक्यात सांगता येते. १९६२ मध्ये ‘डॉक्टर नो’ आला आणि बाँड पडद्यावर अवतरला. तेलुगूत १९६६ साली ‘गूढचारी ११६’, त्यावरून हिंदीत १९६७ साली जितेंद्रचा ‘फर्ज’, लगेच १९६८ मध्ये रामानंद सागर यांचा ‘आंखें’. हे चित्रपट करमणुकीचे होते. आम्हीही लहानपणी ते पाहून शिट्ट्या ऐकल्या आहेत. पण त्यांतील हेरास भाऊ नाही, घर नाही, संशय नाही. तो कोणाचा, हा प्रश्नच उद्भवत नाही. तो आपला, कारण तो देखणा आहे. खलनायक तेवढा दुरून ओळखू यावा अशा वेशात गुहेत बसतो. त्या दिवसापासून आमच्या हेराने लपणे सोडून दिले. २०१२ च्या ‘एक था टायगर’पासून पुढे तर तो अर्धे जग हादरवीत हिंडतो, विमानांतून लोंबकळतो, आणि सर्व मुलखांतील पोरासोरांस त्याचा चेहरा पाठ असतो. असल्या हेरास कोणते सरकार पगार देत असेल! झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आमच्या आजीबाईंसही ठाऊक होते. ही मूठ उघडून पाहावी तर आत स्नायूंखेरीज काही नाही.

अपवाद नाहीत असे नव्हे. मेघना गुलझार यांच्या २०१८ मधील ‘राझी’त काश्मिरी मुलगी लग्न करून शत्रूच्या घरात जाते, तेथल्या माणसांचा तिला लळा लागतो, आणि तरीही ती आपले काम करिते. लिली डिसूझाची ती दूरची भाची शोभावी. त्या चित्रपटास पाकिस्तानातील कुटुंब माणसांचे कुटुंब म्हणून दाखविल्याबद्दल काहींनी नाके मुरडली. परंतु लोकांनी तो उचलून धरिला. प्रेक्षकांस हेच हवे असते म्हणून आम्ही ते देतो, असे जे निर्माते सांगतात त्यांस एवढे एक उदाहरण पुरे आहे.

इतके सगळे हिंदीविषयी झाले. आम्हां मराठी लोकांचे काय? बेडशाच्या डोंगरावरून समोर पवनेच्या पाण्यापलीकडे तुंग आणि तिकोना, पाठीशी विसापूर आणि लोहगड. याच मावळातून १६६१ च्या फेब्रुवारीत कारतलबखान लोणावळ्याकडून खाली उतरला आणि उंबरखिंडीत कोंडला गेला. खान कोणत्या वाटेने उतरणार हे महाराजांस ठाऊक होते. कोणी तरी आधी पाहून, मोजून, धावत जाऊन सांगितले होते. त्या ‘कोणी तरी’चे नाव आम्हांस इतिहास सांगत नाही. नाव सांगतो ते बहिर्जी नाइकाचे, आणि तेही किती कंजूषपणाने! जिंजीस बसून १६९७ च्या सुमारास कृष्णाजी अनंत सभासदाने जी बखर लिहिली तीत सुरतेची खबर आणणारा जासूद म्हणून तो येतो. जालन्याहून लूट घेऊन परतताना मोगलांनी गाठले तेव्हा महाराजांस आडवाटेने पट्ट्याच्या किल्ल्यास पोहोचविणारा म्हणून येतो. आणि नाहीसा होतो. बेडशास एका लेखात नाशिकच्या आनंद श्रेष्ठीच्या मुलाचे नाव कोरलेले आहे, दान दिले एवढाच मजकूर. तसाच हा प्रकार. सांगली जिल्ह्यात बानूरगडावर बहिर्जीची म्हणून एक समाधी दाखवितात. हेराच्या वाट्याला इतिहासात ओळ दीड ओळ यावी हेच त्याच्या कामगिरीचे प्रमाणपत्र होय.

मराठी पडद्यावर त्याला आणण्याचे काम भालजी पेंढारकरांनी १९४३ मध्येच केले होते. ‘बहिर्जी नाईक’ याच नावाने. त्या वर्षाचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. त्याच वर्षी जानेवारीच्या दोन तारखेस, येथून घाट उतरून गेल्यास फार दूर नाही अशा सिद्धगडावर, भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळीस बळी पडले. आणि पोलीस तेथे पोहोचले ते खबरीवरून. बेचाळीसच्या त्या दिवसांत ज्यांच्या घरी भूमिगत मंडळी जेवून जात, त्यांस आपल्या शेजाऱ्याचा खोकला ऐकला तरी धडकी भरे. हेर हा शब्द तेव्हा गोष्टीतला राहिला नव्हता. अशा काळात शिवाजीच्या हेरावर बोलपट काढणे यात इंग्रज परीक्षकाच्या नाकासमोरून काही तरी नेल्याचा आनंद होता, आणि पाहणाऱ्यासही तो कळत होता. आडपडदा तेथेही होताच.

आणि आता? २०१९ मध्ये लाल महालावरील छाप्यावर ‘फत्तेशिकस्त’ निघाला. दिग्पाल लांजेकर यांच्या चित्रपटांत मेहनत असते, शस्त्रे-पोशाख यांची काळजी असते. बहिर्जीला त्यांनी सोंगाढोंगासह सन्मानाने जागा दिली हेही खरे. परंतु त्या चित्रपटाची जाहिरात कोणत्या शब्दांनी झाली? हिंदुस्थानातला पहिला सर्जिकल स्ट्राइक! १६६३ च्या चैत्रातली ती रात्र, तीनसाडेतीनशे वर्षे मराठी घरांत जिच्या गोष्टी सांगून मुलांस जागे ठेविले, तिला उभे राहण्यासाठी २०१६ च्या वर्तमानपत्रातील इंग्रजी शब्दाची कुबडी लागावी काय? शब्द बदलला की गोष्ट बदलते. ‘छापा’ या शब्दात अंधार आहे, गनिमाच्या गोटात शिरताना लपविलेली ओळख आहे, पकडले गेल्यास आपला म्हणून कोणी ओळख देणार नाही ही जोखीम आहे. ‘सर्जिकल स्ट्राइक’ हा सकाळी पत्रकार बोलावून जाहीर करावयाचा शब्द आहे. बहिर्जीच्या तोंडी हा शब्द शोभत नाही. त्याने जाहीर असे काही केलेच नाही. तीच त्याची कीर्ती.

आमचे विरोधक म्हणतील, तुम्हांस देशभक्तीचेच वावडे आहे. वावडे असते तर सुभाषबाबूंच्या सेनेवरील चित्रपटासाठी आम्ही एवढी शाई खर्चिली नसती. आमचे म्हणणे इतकेच की, देशासाठी जो गप्प राहिला त्याच्या नावाने आरडाओरडा करू नये. ज्याला घरच्यांशी खोटे बोलावे लागले, ज्याला शत्रूच्या ताटात जेवून त्याची खबर द्यावी लागली, त्याच्या मनात रात्री काय चालत असेल हे दाखविण्याची ज्याची तयारी नाही, त्याने खुशाल युद्धपट काढावा, मारामारीचा चित्रपट काढावा. हेरपट काढू नये. मराठीत तर हा विषय अजून जवळजवळ अस्पर्श आहे. साताऱ्याच्या प्रतिसरकारात निरोप्ये होते, खबरे होते, फितूरही होते. एका भावकीतले दोन चुलतभाऊ दोन बाजूंस होते. बेचाळीसच्या मुंबईत उषा मेहता आणि त्यांचे सहकारी घरे बदलीत गुप्त रेडिओ चालवीत होते. यांवर लिहावयास लेखक नाहीत काय? आहेत. पण त्यांस आधी कोणी तरी सांगावयास हवे की नायक कोठल्या बाजूचा हे पहिल्या दृश्यात गर्जून सांगितले नाही तरी चालते.

‘समाधी’तील मंडळींपैकी श्याम दुसऱ्याच वर्षी, १९५१ मध्ये, चित्रीकरणात घोड्यावरून पडून गेला. कुलदीप कौर १९६० मध्ये गेली. चितळकर १९८२ मध्ये, अशोककुमार २००१ मध्ये, आणि नलिनी जयवंत २०१० च्या डिसेंबरात चेंबूरला. गाणे तेवढे उरले आहे आणि चांगले उरले आहे. लग्नाच्या वरातीत वाजते, सहलीत वाजते. ज्या चित्रपटाने ते जन्माला घातले तो पाहावयास आजही मिळतो, पण पाहतो कोण?

लेण्यांवरून खाली उतरताना आम्ही त्या तरुणास एवढेच सांगितले की, त्या गाण्यात नाचणाऱ्या दोन्ही बहिणी इंग्रजांच्या हेर आहेत. तो पायरीवर थांबला. गावात चहाच्या टपरीवर बसल्यावर त्याने मोबाईल पुन्हा काढला, गाण्याचा आवाज पुरता बंद केला, आणि नुसते चित्र पाहू लागला. चहा निवत चालला होता. दोनदा पाहून झाल्यावर त्याने मान वर केली आणि विचारले, “मग ही हसते आहे ते खरे की खोटे?”